मागच्या माणसाचा दिवा

मोटारीतली जवळजवळ प्रत्येक वस्तू आत बसणाऱ्याच्या सोयीची असते. एसी त्याच्यासाठी, गाणी त्याच्यासाठी, डॅशबोर्डवरचा गणपतीसुद्धा त्याच्याकडेच तोंड करून बसलेला. हॉर्न दुसऱ्यांसाठी असतो असा एक समज आहे. पण हॉर्न वाजवल्यामुळे तीन हात नाक्यावरचा सिग्नल लवकर सुटल्याचं अजून कुणी पाहिलेलं नाही, तेव्हा तोही वाजवणाऱ्याच्या मनःशांतीसाठीच म्हणायचा. या सगळ्या आपमतलबी सामानात एकच अवयव परोपकारी आहे, तो म्हणजे टेल लाइट. पैसे मालकाचे, बॅटरी मालकाची, आणि उजेड पडतो तो मागून येणाऱ्या कुणा परक्याच्या डोळ्यांत. गाडी चालवताना स्वतःचा ब्रेक लाइट लागलेला मालकाला जन्मात दिसत नाही, जशी स्वतःची पाठ दिसत नाही. आणि जे आपल्याला दिसत नाही ते ठीकच असणार, यावर आपली पिढ्यान् पिढ्यांची श्रद्धा. ठाण्याहून डोंबिवलीला लोकलने निघालं तर मुंब्र्यानंतर दिवा लागतोच. गाडीने निघालं तर मात्र लागेलच असं नाही. मग कधी तरी कुणी तरी मागून ओरडतं, मालकाची अस्मिता दुखावते, आणि तो दिवा गाडीतून काढून घरात आणून तपासला जातो. माझं म्हणणं या तपासणीबद्दल आहे. टेल लाइट गाडीबाहेर काढून बघण्याची जी पद्धत आपल्याकडे रूढ आहे, तिच्यात दिवा सोडून बाकी कशाचीच परीक्षा होत नाही. आणि बिघडलेलं असतं ते पुष्कळदा हे ‘बाकी’च.

दृश्य साधारण असं. रविवार, सकाळचे अकरा, डोंबिवली पूर्वेतला दुसरा मजला. डायनिंग टेबलावर कालचा पेपर अंथरलेला आणि त्यावर गाडीचा डावा टेल लाइट उताणा पडलेला. पुढून बघावं तर लालचुटूक काच, मागून बघावं तर काळी प्लॅस्टिकची पाटी, तिच्यात तीन होल्डर आणि शेपटीसारखी लोंबणारी पाच तारांची जुडी. काचेच्या तळाशी गेल्या पावसाळ्याचं दोन चमचे पाणी. गाडी ठाण्याची असेल तर हे पाणी शोभूनच दिसतं. तलावांचं शहर, तेव्हा मासुंदा, उपवन, कचराळी यांच्या यादीत महापालिकेला न कळलेला हा आणखी एक. आता वीज हवी. गृहस्थ सेट टॉप बॉक्सचा अ‍ॅडॅप्टर काढतात. त्यावर १२ व्होल्ट लिहिलेलं असतं, गाडीची बॅटरीही १२ व्होल्टची, म्हणजे सोयरीक जमलीच. शेजारी बारीक अक्षरात १ अँपिअर लिहिलेलं असतं, ते चष्मा आतल्या खोलीत असल्यामुळे वाचलं जात नाही. ब्रेक लाइटची तार असते २१ वॉटची. तिला पावणेदोन अँपिअर लागतात. शिवाय टंगस्टनची तार थंड असताना तिचा विरोध तापलेल्या तारेच्या साधारण दहावा हिस्सा असतो, म्हणून पहिल्या क्षणाला ती दसपट वीज ओढायला बघते. अ‍ॅडॅप्टर बिचारा मान टाकतो. निकाल लागतो: ‘बल्ब गेला.’ नवा बल्ब येतो, तोही लागत नाही. निकाल बदलतो: ‘हल्ली मालच डुप्लिकेट.’ शेवटी स्कूटरची बॅटरी जिन्याने वर येते, तिच्या दोन टोकांना मगरीच्या जबड्यासारखे चिमटे लागतात, आणि दिवा भक्कन पेटतो. छत लाल, पंखा लाल, पोह्यांची बशी लाल. ‘बघा, दिवा एकदम ओके आहे!’ दिवा परत गाडीत जातो. ब्रेक दाबला जातो. मागे अंधार. मग घरातून जो प्रश्न येतो, ‘काय दिवे लावलेत?’, त्याला मराठीत इतकं अचूक निमित्त क्वचितच मिळतं.

टेबलावर शहाण्यासारखा वागणारा दिवा गाडीत गेल्यावर असा का वागतो, याचं उत्तर परतीच्या प्रवासात आहे. विजेला जाण्याइतकंच येणंही लागतं. मोटारीत जाण्यासाठी प्रत्येक दिव्याला वेगळी तार असते. परतीला मात्र सगळ्यांनी मिळून गाडीचा पत्रा वापरायचा असतो. गॅरेजच्या भाषेत याला ‘बॉडी अर्थ’ म्हणतात. डिकीच्या आतल्या गालिच्यामागे कुठे तरी एक बोल्ट असतो, त्याला बहुधा काळी तार कसलेली असते, आणि मागच्या दिव्यांची सगळी परतीची वाहतूक त्या एका बोल्टावरून चालते. पत्री पूल एकटाच होता तेव्हा कल्याणची चालायची तशी. या बोल्टाने चार-पाच पावसाळे काढलेले असतात. होल्डरमधलं पितळ तोवर कळकलेलं असतं, बिनकल्हईच्या भांड्यात ताक ठेवल्यासारखं हिरवट. कधी धक्का लागून गाडी डेंटिंग-पेंटिंगला गेलेली असते, तिथे बोल्टाखालच्या पत्र्यालाही हौसेने रंग मारला जातो, आणि रंगातून वीज जात नाही. लग्नात नवरीला इतकं नटवावं की नवऱ्याला ती ओळखू येऊ नये, तशातला प्रकार. आता थोडं गणित. २१ वॉटच्या तापलेल्या तारेचा विरोध जेमतेम सात ओहम. गंजाने वाटेत दिव्याइतकाच विरोध उभा केला की दिव्याच्या वाट्याला निम्मे व्होल्ट येतात. निम्मे व्होल्ट म्हणजे निम्मा उजेड, असा हिशेब करणाऱ्याला बल्ब हसतो. उजेड दहाव्या हिश्शाच्या आसपास येतो. घरी टेबलावर मात्र हा बोल्ट, हा गंज, हा रंग, काहीच नसतं. तिथे चिमटा थेट पितळेला चावलेला असतो. थोडक्यात, ज्याची परीक्षा घ्यायची तो परीक्षेला बसलेलाच नसतो, आणि त्याच्या जागी वर्गातला हुशार मुलगा पेपर लिहून जातो.

याहून गमतीदार पुरावा म्हणजे उलटी वीज. डाव्या दिव्याचं अर्थिंग अगदीच गेलं, की ब्रेकची वीज घरी जायला दुसरा रस्ता शोधते. एकाच होल्डरच्या पाटीवर शेजारी इंडिकेटर बसलेला असतो. ती त्याच्या तारेतून उलटी शिरते, पार पुढच्या इंडिकेटरपर्यंत जाते आणि तिकडच्या अर्थिंगवरून उतरते. शिळफाट्याला तुंबलं की मंडळी गल्ल्यांतून महापे गाठतात, तसंच. परिणाम असा की चालक ब्रेक दाबतो आणि पुढचा इंडिकेटर मिणमिणतो. मागच्याला वाटतं हा थांबतोय, पुढच्याला वाटतं हा वळतोय, आणि चालकाला वाटतं सगळं ठीक आहे. साइड लाइटच्या पाच वॉटच्या तारेतून वीज उलटी गेली तर नंबर प्लेटचा दिवा नि डॅशबोर्डचे दिवेसुद्धा ब्रेकबरोबर डोळे मिचकावतात. हा आजार टेबलावर काही केल्या दिसत नाही, कारण तिथे उलटं जायला वाटच नसते. सुटा दिवा म्हणजे परगावी नोकरीला गेलेला मुलगा: एकटा असतो तेव्हा स्वयंपाक करतो, कपडे धुतो, वेळेवर उठतो. त्याचा खरा स्वभाव कळायला त्याला दिवाळीत घरी, भावंडांत, एकाच बाथरूमच्या रांगेत उभं करावं लागतं.

इथे मीटरवाले आडवे येतात. ते म्हणतात, आम्ही काही बॅटरी जिन्याने चढवत नाही. आम्ही मल्टिमीटर घेऊन गाडीतल्या होल्डरलाच लावतो, आणि बारा व्होल्ट दिसले की वायरिंग ठीक. यंत्र खरं बोलतं हे मान्य. पण त्याला विचारलेला प्रश्न चुकीचा असतो. मीटर स्वतः जवळजवळ काहीच वीज ओढत नाही. गंजलेल्या सांध्यातून एक-दोन मिलिअँपिअरसुद्धा जात नसले तरी मीटर तिथे पूर्ण बारा दाखवू शकतं. ‘केव्हाही, काहीही लागलं तर हक्काने सांगा’ म्हणणारे जे नातेवाईक असतात, त्यांचे व्होल्टही असेच पूर्ण असतात. मागणी केली की मग उतरतात. म्हणूनच वागळे इस्टेटपासून मानपाड्यापर्यंतचा कुठलाही मुरलेला ऑटो इलेक्ट्रिशियन खिशात टेस्ट लॅम्प ठेवतो: एक बल्ब, दोन तारा, टोकाला सुई. तो सांध्याकडे खरोखरची मागणी करतो, आणि सांधा कच्चा असेल तर बल्ब मंद होऊन तिथल्या तिथे चहाडी करतो. गाडीतल्या बल्बमध्येही असंच एक शहाणपण आहे. ब्रेक आणि साइड अशा दोन तारा पोटात असलेल्या डबल काँटॅक्टच्या बल्बला बुडाशी दोन खुंट्या असतात, त्या मुद्दाम वरखाली बसवलेल्या. उलटा बल्ब होल्डरात बसतच नाही. माणूस घाईत काय करील याचा विचार आधीच करून ठेवणारी इतकी छोटी वस्तू विरळा. तरीही जोर लावून उलटा बसवणारे आहेतच. त्यांच्या गाडीला साइड लाइट झगझगीत आणि ब्रेक लाइट लाजाळू असतो.

म्हणजे मुद्दा असा उरतो, की दिवा गाडीतच हवा आणि बघणारा गाडीच्या मागे हवा. तो आहे कुठे? कायदा याबाबत गप्प नाही. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत दिव्यांसाठी १०५ क्रमांकाचा स्वतंत्र नियमच आहे, आणि मागे लाल दिवा हवा हे त्यात आहे. पण नियम करणं आणि मागे जाऊन बघणं ही दोन वेगळी खाती आहेत. खासगी मोटारीची नोंदणी एकदा झाली की पंधरा वर्षं पुरते. बालवाडीत जाणारा मुलगा अठराचा होऊन लायसन्स काढतो, तोवर बापाच्या एमएच-०४ किंवा एमएच-०५च्या पाठीमागे उभं राहून ‘ब्रेक दाबा’ म्हणणं हे कुठल्याही कचेरीचं नित्यकर्म नाही. वाहतूक हवालदार बघू शकतो; पण तो उभा असतो पुढून, आणि त्याची नजर सीटबेल्टवर. गाडीच्या मागे अधिकृतपणे उभा राहणारा एकच इसम आहे, तो पीयूसीवाला. हा माणूस टेल लाइटपासून हातभर अंतरावर वाकतो, सायलेन्सरमध्ये नळी घालतो, नंबर प्लेटचा फोटो काढतो आणि संगणकाकडे परत जातो. धूर कसा आहे हे तो पॉइंटात सांगतो. दिवा आहे की नाही, हे त्याला कुणी विचारलेलं नसतं. शेजारच्याच रुळांवर बघा. देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून निघून ३४ किलोमीटर धावली आणि थांबली ती ठाण्यात. त्या रेल्वेत आजही गाडीच्या शेवटच्या डब्यावर ‘एलव्ही’ची, म्हणजे ‘लास्ट व्हेइकल’ची, पाटी आणि रात्री लाल दिवा असतो, आणि तो बघणं हे स्टेशनातल्या माणसाचं नेमून दिलेलं काम आहे. शेपूट दिसलं तरच गाडी अख्खी आली, डबे वाटेत सुटले नाहीत, असं मानायचं. नाही दिसलं तर मागचा रस्ता मोकळा समजायचा नाही. गार्डचं नाव २०२२मध्ये बदलून ‘ट्रेन मॅनेजर’ झालं, पण शेपटाचा मान उतरला नाही. रेल्वेत दिवा आणि बघणारा ही जोडी आहे. रस्त्यावर आपण दिवा विकत घेतला आणि बघणारा दैवावर सोडला.

यावर पहिला आक्षेप आधुनिकांचा: आता एलईडी आले, ते जात नाहीत, आणि गेलेच तर गाडी स्वतःच सांगते. एलईडीचे गुण मान्य. तार तापून पूर्ण उजेड यायला बल्बला पाव सेकंदाच्या आसपास वेळ लागतो, एलईडी त्याच क्षणी लागतो. साठच्या वेगाने धावणाऱ्या गाडीला सेकंदाच्या पाचव्या हिश्शातही तीन मीटरहून जास्त अंतर मिळतं, म्हणजे रिक्षाच्या लांबीहून अधिक. पण एलईडीलाही परतीचा रस्ता त्याच बोल्टावरून आहे. आणि गाडीच्या सांगण्याचं म्हणाल, तर जुन्या गाड्यांत तक्रार करण्याची सोय फक्त इंडिकेटरला होती: एक बल्ब गेला की दुसरा घाबरल्यासारखा भराभर लुकलुकतो. हौसेने एलईडी बसवले की ते लुकलुकवणाऱ्या रिलेला वाटतं बल्बच गेला, कारण वीज फारच कमी जाते, आणि नवाकोरा दिवा जन्मतःच घाबरलेला निघतो. महागड्या गाड्या ब्रेक लाइटचीही खबर देतात. पण त्या मोजतात वीज. काचेवर चढलेला घोडबंदरचा चिखल, आतला तलाव, किंवा ‘लूक’साठी चिकटवलेली काळी फिल्म त्यांना दिसत नाही. वीज गेली हे गाडीला कळतं. उजेड पोचला का, हे पोचणाऱ्या टोकालाच कळतं.

दुसरा आक्षेप अनुभवी ठाणेकरांचा, आणि तो अधिक वजनदार आहे. ते म्हणतात, कापूरबावडीपासून गायमुखापर्यंत संध्याकाळी सगळेच थांबलेले असतात. थांबलेल्याने ‘मी थांबतोय’ हे सांगायचं कुणाला? आणि समोर लाल दिव्यांची नदी असताना त्यात एक थेंब कमी पडला तर काय बिघडतं? याला एक जुना प्रयोग उत्तर देतो. सत्तरच्या दशकात जॉन व्होएव्होड्स्की या मानसशास्त्रज्ञाने सॅन फ्रान्सिस्कोतल्या साडेतीनशेच्या आसपास टॅक्सींना मागे, मध्यभागी एक जादा ब्रेक लाइट बसवला. दहा महिन्यांत त्या टॅक्सींना मागून बसणाऱ्या धडका सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाल्या. मग अमेरिकेने १९८६च्या मॉडेलपासून हा तिसरा दिवा मोटारींना सक्तीचा केला, आणि १९९८च्या सरकारी अहवालात फायदा निघाला ४.३ टक्के. कारण आता तो दिवा सगळ्यांना होता. नव्या सुनेच्या हातचं वरण पहिल्या महिन्यात जितकं वाखाणलं जातं तितकं तिसऱ्या वर्षी वाखाणलं जात नाही, यात वरणाचा दोष नसतो. दिवा काम करतो तो मागच्याच्या लक्षामार्फत. नेहमीच्या दिव्यांकडे लक्ष कमी जातं हे ठाणेकरांचं म्हणणं म्हणून खरंच. पण त्यातूनच उलटही निघतं. सगळ्यांचे लागतात या भरवशावर डोळा सैल झालेला असतो, आणि नेमकी एक गाडी न सांगता थांबते. गर्दीत याचा परिणाम बंपरवर दिसतो आणि भांडणावर भागतं. मुंब्रा बायपासच्या वळणावर, रात्री दोन वाजता, मागे एकही दिवा नसलेला ट्रेलर उभा असेल, तेव्हा मात्र भांडायला समोरची बाजू उरत नाही.

तिसरा आक्षेप टेबलाचा स्वतःचा आहे, आणि त्याला न्याय दिला पाहिजे. दिवा बाहेर काढल्याशिवाय काही कामं होतच नाहीत. तारांचे रंग कंपनीगणिक बदलतात, तेव्हा कुठली ब्रेकची, कुठली रिव्हर्सची हे एकेक लावून बघावं लागतं. होल्डर पॉलिश पेपरने घासायला, तुटलेल्या तारेला डाख द्यायला, तळ्यातलं पाणी ओतायला टेबलच बरं. डिकीत डोकं घालून हे करणाऱ्याची कंबर धरते आणि भाषा सुटते. एवढंच करायचं, की या सगळ्याला दुरुस्ती म्हणावं, परीक्षा म्हणू नये. गाडीच्या बाहेर राहून आपलं काम पूर्णपणे करणारा टेल लाइट आपल्या रस्त्यांवर एकच आहे: बंद पडलेल्या ट्रकच्या मागे ठेवलेली झाडाची फांदी. तिला बॅटरी लागत नाही, अर्थिंग लागत नाही, आणि दिवसा ती पाहून मागचा माणूस वळतोसुद्धा. रात्री ती दिसत नाही, पण त्याबाबत ती बऱ्याच ट्रकांपेक्षा वेगळी नाही. त्याच ट्रकांच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला महाराष्ट्राने २०१५मध्ये बंदी केली, कारण ते वाचून लोक उगाच हॉर्न वाजवतात. मागच्या माणसाशी आपण बोलत नाही असं नाही, हे यावरून कळावं. शेर, सल्ला, मुलांची नावं, नजर लागू नये म्हणून चप्पल, सगळं मागे असतं. फक्त ‘मी थांबतोय’ एवढंच सांगायचं राहून जातं.

तेव्हा खरी परीक्षा एकच, दोन माणसांची. एक आत, एक मागे. ‘लागला का?’ आतला ब्रेकबद्दल विचारतो की दिव्याबद्दल, हे मराठीत कळत नाही, तरी काम भागतं. ‘उजवा लागला, डावा नाही.’ एकट्याने करायची तर सोसायटीच्या भिंतीला पाठ करून गाडी लावावी आणि भिंतीवरचा लाल उजेड आरशात मोजावा. भिंतसुद्धा टेबलापेक्षा बरी, कारण ती निदान मागे असते. पण भिंतीची गरज सहसा पडू नये. आपल्या प्रत्येक सोसायटीत एक माणूस रोज संध्याकाळी प्रत्येक गाडीच्या मागे उभा राहून ‘आने दो, आने दो, बस’ म्हणत असतो. कुणाचा डावा गेलाय, कुणाचा उजवा मंद आहे, कुणाच्या काचेत पाणी साचलंय, हे त्या वॉचमनला तोंडपाठ असतं. त्याच्या रजिस्टरात कुरिअरचा रकाना आहे, दूधवाल्याचा आहे, याचा नाही. आणि गाडीवाल्या साहेबाला न विचारता त्याच्या पाठीमागची गोष्ट सांगायची, हे त्याच्या नोकरीत बसत नाही. म्हणून डिकी उघडण्याआधी, नट सोडवण्याआधी, स्कूटरची बॅटरी जिन्याने वर नेण्याआधी काच खाली करून त्याला एकदा विचारावं. दिवा तिथल्या तिथे कळेल, आणि टेबल जेवायला मोकळं राहील.